बायांसाठी दिवा

मी जन्माची भित्री. माहेरी परभणीकडे पालींना भ्यायचे, सासरी सासूला भ्यायचे आणि नवऱ्याच्या नोकरीपायी इकडे समुद्राकाठी येऊन पडले तेव्हा पाण्याला भ्यायला लागले. आमच्याकडचं पाणी विहिरीत असतं, नदीत असतं. जिथं असतं तिथं गुमान राहतं. इकडचं पाणी रोज चालत येतं आणि परत जातं, असं आमच्या ह्यांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला वाटलं, बाई भित्री आहे म्हणून थट्टा करताहेत.

आमचे हे म्हणजे नागोराव. तारापूरला विजेचा मोठा कारखाना उभा राहत होता, अणूवर चालणारा, तिथं ते सळया बांधायच्या कामाला होते. साल सदुसष्ट. बोईसरला खोली मिळेना म्हणून आम्ही नवापूरच्या वाटेवर, खाडीला लागून असलेल्या एका गावात रत्नाबाईंच्या वाडीत मागची खोली घेतली. पुढच्या घरात रत्नाबाई, त्यांचा मुलगा रामनाथ आणि सून जयवंती. रत्नाबाईंचे यजमान कधीच गेलेले. बाई वाडीतली केळी नि पानवेल एकट्या सांभाळायच्या, वर ग्रामपंचायतीत मेंबर. जयवंतीला सातवा महिना लागला होता. मी तिच्याहून चार वर्षांनी मोठी, म्हणून ती मला वैनी म्हणायची.

आता जे सांगायचं ते सांगायला लाज वाटते, पण ते गाळलं तर पुढचं काहीच कळणार नाही. गावात कुणाच्याच घरी संडास नव्हता. पुरुष कुठंही जात, त्यांना कोण विचारतं? बाया दिवेलागणीला जमून जायच्या. त्याला इथं 'भायेर जाणं' म्हणतात. गावाच्या टोकाला, खाजणाच्या बांधाअलीकडे, शेराच्या कुंपणामागे एक खोलगट जागा होती. सासू, सून, शेजारीण, सगळ्या तिथं. दिवसभर तोंड मिटून राबणाऱ्या बाया तिथं मोकळ्या बोलायच्या, सासवांच्या नकला करायच्या, आणि सासवाही हसायच्या. मी अंधाराला भिणारी, पण त्या जागी कधी भ्याले नाही. अंधार हाच तर आमचा आडोसा होता.

मग गावात वीज आली.

सरपंच आत्मारामदादा माणूस चांगला, हे आधीच सांगते. पालघरला शिबिराला जाऊन आल्यापासून त्यांच्या तोंडात 'राहणीमान' हा शब्द बसला होता. कारखान्यामुळे गाव फुगलं होतं, नव्या चाळींचं सांडपाणी रस्त्यावर येत होतं, पाणवठ्यावर भांडणं होत होती. पंचायतीत कुणी म्हणे गटार बांधा, कुणी म्हणे विहिरीचा कठडा बांधा. दादा म्हणाले, राहणीमान सुधारायचं तर आधी उजेड. पाच खांब मंजूर झाले. एक देवळापाशी, एक चावडीपाशी, एक पाणवठ्यावर, एक बाजाराच्या तिठ्यावर. पाचवा कुठं, यावर दादांनीच तोड काढली. आपल्या बायाबापड्या सांजच्या अंधारातून जातात, वाटेत जनावर निघतं, पाचवा दिवा बायांसाठी. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि रत्नाबाईंकडे पाहिलं. बाईंना वाटलं, वाटेच्या वळणावर जिथं साप निघतात तिथं खांब येईल. त्या हो म्हणाल्या. बायांना उजेड नको, असं कुठली बाई म्हणेल?

खांब आला तो बरोबर त्या खोलगट जागेच्या तोंडाशी. तार तिथपर्यंत पुरली म्हणून थेट टोकालाच नेला म्हणे. नारळ फुटला, पेढे वाटले, दिवा लागला आणि कुंपणामागची जागा लख्ख उजळली. शेराची कांडी न कांडी मोजून घ्यावी इतकी. बाया पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. दादांना वाटलं, आनंदानं बोलवेना झालंय.

गावातला सगळ्यांत झगझगीत उजेड तो, म्हणून पुरुष संध्याकाळी तिथं पत्ते कुटायला बसू लागले. कारखान्याकडे जाणारे ट्रक तिथूनच वळायचे. रत्नाबाईंनी एकदा हिंमत करून दादांना म्हटलं, तो खांब जरा अलीकडे घेतला तर बरं होईल. दादांनी विचारलं, का? बाई म्हणाल्या, असंच. दादा हसले, सरकारी खांब म्हणजे काय गाईचा खुंटा, आज इथला उपटून उद्या तिथं ठोकायला? बाई परत आल्या. चारचौघांत पुरुषाला काय सांगणार, आणि कुठल्या शब्दांत?

मग आम्ही बांधापलीकडे जाऊ लागलो. बांधापलीकडे खाजण, म्हणजे खाऱ्या पाण्याची दलदल. बांध उतरला की एक सखल पट्टा, त्याच्यापुढे थोडा उंचवटा आणि त्यावर तिवरांची झुडपं. भरतीला तो पट्टा आधी भरतो. म्हणजे उंचवट्यावर बसलेल्या माणसाच्या समोर कोरडं असतं आणि पाठीमागे पाणी येऊन उभं राहतं. हे मला रत्नाबाईंनी पहिल्याच दिवशी हाताला धरून दाखवलं, आणि त्या दिवशी मी तिथं बसूच शकले नाही. रोज सकाळी बाई तिथीवरून भरतीची वेळ काढून सांगायच्या, आज सांजचं जायचं की पहाटेच उरकायचं. आम्ही दुपारनंतर पाणी पिणं सोडलं. सरपंचांच्या काशीबाई तर यायच्याच बंद झाल्या. मोठ्यांचं मोठं, घरातच काही सोय करून घेतली असेल, म्हणून आम्ही मनातल्या मनात जळायचो.

त्या दिवशी दशमी होती, म्हणजे भरती दिवेलागणीच्या सुमारालाच. रत्नाबाई भाचीच्या मुलाच्या बारशाला शिरगावला निघाल्या. जाताना जयवंतीला बजावून गेल्या की आज सांजचं बांधापलीकडं पाऊल टाकायचं नाही. रामनाथ कामावर, आमचे हे कामावर. आम्ही दोघीच.

दुपारपासून जयवंतीच्या पोटात कळ येत होती. ती दाबून बसली. दिवेलागणीला आम्ही जुन्या जागेकडे गेलो, म्हटलं आज पत्तेवाले नसले तर बरं. पण पत्तेवाले तर होतेच, वर एक ट्रक चाक रुतून तिथं अडकलेला. डायव्हर, क्लीनर, बघे, सगळे दिव्याखाली. आम्ही करंजाच्या झाडाआड उभ्या राहिलो. उगीच तांब्या पदराखाली लपवायचा, उगीच इकडेतिकडे पाहायचं. ट्रक काही हलेना. दिवसाचा उजेड कमी होत गेला आणि जयवंतीच्या कपाळावर घाम आला.

"वैनी, आता धीर नाय निघत," ती म्हणाली.

मी म्हटलं, रत्नाबाई नको म्हणून गेल्यात. ती म्हणाली, पाणी यायला अजून येळ हाय, आपण गेलो नि आलो. ती इथली, माकुणसारची, खाडी बघत वाढलेली. तिला कळत असेल असं मी स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर तिला एकटीला पाठवून झाडाखाली उभं राहायची मला जास्त भीती वाटली.

बांध उतरलो. सखल पट्ट्यात चिखल होता, पाणी नव्हतं. उंचवट्यावर गेलो. जयवंतीला वेळ लागला, सातव्या महिन्यात लागतोच. मी पाठ करून उभी होते आणि कान लावून ऐकत होते. आधी काहीच नव्हतं. मग बारीक आवाज आला, भात रटरटायला लागावा तसा. खेकड्यांची बिळं भरत होती. मी वळून पाहिलं. आपण आलो त्या पट्ट्यात आभाळ दिसत होतं.

 मी नुसतं बोट दाखवलं. जयवंती उठली, पाहिलं आणि म्हणाली, अजून गुडघाभर हाय, चल. तिचा आवाज शांत होता, पण तिनं माझा हात असा धरला की बांगडी पिचली. आम्ही पाण्यात उतरलो. पाणी गार होतं आणि त्याला ओढ होती. मधोमध पोहोचलो तर ते मांडीला लागलं, आणि तिथंच जयवंतीचा पाय चिखलात गेला. तिनं उपसायचा प्रयत्न केला तर दुसराही गेला. मी ओढलं. ती वाकडी झाली, पोट सावरायला तिनं माझा हात सोडला. मी पुन्हा ओढलं. चिखल सोडेना.

समोर बांधापलीकडे तो दिवा जळत होता. खांबाखालची माणसं स्वच्छ दिसत होती. कोण पत्ता टाकतोय, कोण हसतोय, डायव्हर कमरेवर हात ठेवून उभा आहे, सगळं. हाक मारली तर ऐकू जाईल इतकी जवळ. त्यांना मात्र आम्ही दिसत नव्हतो. उजेडात बसलेल्याला अंधारातलं काही दिसत नाही.

मी तोंड उघडलं. जयवंतीनं माझ्या तोंडावर हात दाबला.

"वरडू नको. ते सगळे बघतील."

मी मान झटकली. तिनं आणखी दाबला. पाणी तिच्या कमरेला आलं होतं. ती पुटपुटत होती की रामनाथला लोक काय म्हणतील, सासूला पंचायतीत कोण बसू देईल, इथं कशाला आली होती म्हणून विचारतील तर काय सांगू. तिचा हात माझ्या तोंडावर घट्ट होता. मला श्वास घेता येईना. त्या क्षणी मला पाण्याची भीती नव्हती, जयवंतीची भीती वाटली. ही बाई लाजेपायी पोटातल्या जिवासकट इथं उभी राहील, आणि मलाही उभी ठेवील.

मी तिच्या हाताला कडकडून चावले.

तिनं हात काढला आणि मी ओरडले. शब्द नव्हतेच, नुसता आवाज. असा आवाज माझ्यात आहे हे मला ठाऊक नव्हतं. दिव्याखालची माणसं थबकली, कुणीतरी "कौन है उधर?" म्हणालं. मी पुन्हा ओरडले आणि मग ती सगळी बांधाकडे धावली. डायव्हरनं ट्रकचा दोर आणला. दोघे छातीइतक्या पाण्यात उतरले. एकानं बुडी मारून जयवंतीचे पाय चिखलातून सोडवले, बाकीच्यांनी दोर ओढला. तिचं लुगडं अर्धं पाण्यात गेलं ते गेलंच.

आम्हाला आणून ठेवलं ते त्या खांबाखाली. तिथंच उजेड होता ना. बघता बघता सारं गाव गोळा झालं. डायव्हरनं आपली चादर जयवंतीवर टाकली आणि तोंड फिरवून उभा राहिला. त्याचं नाव मला कधी कळलं नाही. जयवंती हात पोटावर नाही, तोंडावर घेऊन पडली होती, आणि त्या हातावरून माझ्या दातांच्या खुणांतलं रक्त मनगटापर्यंत आलं होतं.

रात्रभर पोटातलं मूल हललं नाही. रंभाबाई सुईण पोटाला कान लावून बसली, तेल चोळलं, गरम पाण्याच्या कापडानं शेकलं. शिरगावहून परतलेल्या रत्नाबाई उंबऱ्यातच बसल्या, आत यायचा त्यांना धीर होईना. मी कोपऱ्यात बसून देवाला काय काय कबूल केलं ते देवच जाणे. दुसऱ्या दिवशी उन्हं डोक्यावर आल्यावर जयवंती एकदम दचकली आणि तिनं रंभाबाईचा हात ओढून पोटावर ठेवला. रंभाबाई म्हणाली, हाय. रत्नाबाई तेव्हा रडल्या.

पण भीती तिथं संपली नाही, कारण त्या संध्याकाळी पुन्हा भायेर जायचंच होतं. आणि जयवंतीनं जेवणं सोडलं. पुढं केलेलं ताट ती सरकवायची. पेजेचे दोन घोट घ्यायची, तेही सकाळी. पाणी मागायची नाही. विचारलं तर म्हणायची, भूक नाय. रामनाथनं रागावून पाहिलं, रत्नाबाईंनी पाया पडून पाहिलं. पोटुशी बाई डोळ्यांदेखत वाळू लागली. रंभाबाई मला बाजूला घेऊन म्हणाली, असंच चाललं तर पाण्यानं नाय नेलं ते उपासानं जाईल.

त्याच आठवड्यात एका रात्री जेवणं उरकल्यावर सरपंचांच्या ओटीवर सभा भरली. गावातली दोन माणसं बुडता बुडता वाचली म्हणून पंचायतीच्या बैठकीला सारं गाव लोटलं होतं. पुरुष ओटीवर, आम्ही बाया पायऱ्यांखाली अंगणात. आत्मारामदादांचा चेहरा उतरलेला होता. ते म्हणाले, माझ्या गावातल्या लेकीबाळी अशा अंधारात बुडायला लागल्या तर मला या खुर्चीवर बसायचा काय अधिकार? ते सोंग नव्हतं. म्हणून या वर्षी गटाराचं राहू द्या. बांधावर दुसरा दिवा लावू, चांगला मोठा, पलीकडचं खाजण पार तिवरांपर्यंत दिसेल असा.

सगळ्यांना पटलं. ग्रामसेवक लिहायला लागला.

 आता बांधापलीकडेही उजेड, मग त्याच्यापुढे खाडी. मी रत्नाबाईंकडे पाहिलं. त्या मेंबरांच्या ओळीत सगळ्यांत शेवटी बसल्या होत्या. त्या ग्रामसेवकाच्या कागदाकडे बघत होत्या.

मी उठून उभी राहिले. का राहिले, ते मला आजही सांगता येणार नाही.  मी म्हटलं, दादा, दिवा नको. दादांनी आश्चर्यानं विचारलं, नको? का नको? समोर आमचे हे बसले होते, ते जमिनीकडे बघायला लागले. परगावची बाई, भाडेकरू, उद्या खोली गेली तर?  शेवटी एवढंच बोलले की जयवंती जेवत नाही.

"जेवत नाय त्याला दिवा काय करील?" दादा म्हणाले, रागानं नाही, समजावून सांगावं तसं. मागं दोघं-चौघं हसले. मला खाली बसावं लागलं.

तेवढ्यात आतून चहा घेऊन काशीबाई आल्या. सभेच्या वेळी त्या दारातूनच चहा पुढे करायच्या, ओटीवर कधी पाय ठेवत नसत. त्या दिवशी त्या उंबरा ओलांडून बाहेर आल्या, नवऱ्यापुढे कपबशी ठेवली आणि तिथंच उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. हात वर गेल्यामुळे बांगड्या घसरून कोपरापर्यंत गेल्या. इतक्या सैल बांगड्या कुणी भरत नाही.

"ती जेवत नाय, कारण जेवलं की भायेर जावं लागतं," काशीबाई म्हणाल्या. "तुमी दिवा लावलात ती आमची बसायची जागा. तिथं आता आमी सगळ्यांना दिसतो. म्हणून त्या पोरी पाण्यात गेल्या. आता पाण्यावर पण दिवा लावा, मग आमी कुठं जायाचं?"

 ग्रामसेवक दौतीकडे बघत बसला. पुरुषांच्या तोंडावर असं कधी कुणी बोललं नव्हतं, आणि बोललं होतं ते सरपंचांच्या घरातलंच माणूस. आत्मारामदादांचे कान लाल झाले. ते खालच्या आवाजात म्हणाले, तू आत जा.

"जाते," काशीबाई म्हणाल्या. "पण तिचं सगळ्यांना दिसलं, ती पाण्यात पडली म्हणून. दिवा लागल्यापासून मी पण रातची जेवत नाय. तुमाला वाढते, ताट उचलते नि माझं गाईला घालते. समोर बसून जेवता, पण एक दिस तुमी इचारलं नाय."

आत्मारामदादांनी तेव्हा पहिल्यांदा मान वर करून बायकोकडे नीट पाहिलं. तिच्या हातांकडे पाहिलं, गळ्याकडे पाहिलं. चहावर साय धरली होती. सगळं गाव बघतंय, याचं त्यांना भान राहिलं नसावं.

"काल?" त्यांनी विचारलं.

"काल नाय."

"आज तरी?"

"आज पण नाय," काशीबाई म्हणाल्या.